दिवसा बंद असलेल्या मोटारी

धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीची रांग हलत नव्हती, पण पुष्पाबाईंचं लक्ष गाडीकडे नव्हतंच. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजातले एक तरुण सर, कागदांचं भेंडोळं काखेत मारून, सुकदेवनानांवर वैतागले होते.

"नाना, तुमच्या गावच्या विजेचं गणित तीन वर्षं कॉम्प्युटरवर मांडतोय मी. दिवसा तीनपैकी एक फेज बंद, म्हणजे विहिरींवरच्या मोटारी बंद. ट्रान्सफॉर्मरची डीपी जळूच शकत नाही! आणि तुमची महिन्यात दोनदा जळते, तीही भरदुपारी!"

"मोटारी चालू असतात ना."

"दोन फेजवर मोटार फिरेल कशी?"

"चोरून कंडेन्सर जोडला की फिरते."

"किती जण जोडता?"

"बठ्ठं गाव."

"अहो, परवा प्रबंध द्यायचाय मला! शिवारभर उन्हात फिरून एकेकाला विचारलं होतं, दिवसा मोटारी बंद असतात ना? तुम्हीसुद्धा हो म्हणालात!"

"म्हणालो."

"मग तेव्हाच खरं सांगायला काय झालं होतं?"

"कसं सांगू, सर? तुमना संगे वायरमन उभा व्हता ना!"