फादरांचा आवाज आला नाही

आमच्या चर्चच्या फादरांचं परवा काय झालं, सांगतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चर्चला येणं जमत नाही, म्हणून ते रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आपल्या आवाजात प्रार्थना म्हणून पाठवतात. परवा तापानं घसा बसला, प्रार्थना गेली नाही. दुपारी मी औषध घेऊन गेलो, तर दारात कुर्डुवाडीच्या मार्थाबाई! एका हातात काठी, दुसऱ्यात आजाऱ्याला पाजतात त्या हुलग्याच्या पातळ माडग्याचा डबा.

फादर शाल गुंडाळून बाहेर आले आणि ओशाळलेच. "बाई, असले गुडघे घेऊन रेल्वेनं आलात? नुसता फोन करायचा की!"

"सकाळी तुमचा आवाज आला न्हाई, तवाच वळखलं. फोन केला असता, तर तुमी 'बरा हाय' म्हनला असता की."

फादरांनी आतून वाटी आणून पुढं केली.