साहेब वर गेले

बोरीच्या आमच्या किसनमामांचं बोलणं मी त्याच दिवशी वहीत उतरवलं, म्हणून शब्द न् शब्द सांगतो. आमदारांनी शेताच्या वाटेवर पूल देतो म्हणून पाच वर्षं झुलवलं. मामा चिडले, निवडणुकीत दारोदार फिरले आणि आमदार पडले. पुढे एकदा हॉटेलात चहा पिताना मी पेपर वाचून म्हणालो, "मामा, तुमचे साहेब वर गेले."

मामांनी टोपी काढली. "अरारा! माणूस लबाड, पण असं व्हायला नको होतं. कवा गेले?"

"अहो, विधान परिषदेवर गेले. वरच्या सभागृहात."

टोपी परत डोक्यावर बसली. "आमी तर पाडलं की त्याला!"

"तिथं तुमचं मत लागत नाही. आमदारच निवडून देतात."

"किती वर्षं?"

"सहा."

"आन् आमी निवडून दिलं असतं तर?"

"पाच."

मामांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "म्हंजे पूल न्हाई तो न्हाईच, उलट एक वर्ष आमीच वाढवून दिलं. बरं झालं, थोडक्या मतांनी पाडला. डिपॉझिट जप्त केलं असतं, तर मंत्रीच झाला असता!"