तीनशे हात लांब, एकशेबारा ठोकळे

नात : नाव कशी बांधणार, आजोबा? नाव तर ठेवतात.

आजोबा : अगं, ते नाव नव्हे. पाण्यातली नाव. होडी.

नात : मग होडी म्हणा ना.

आजोबा : होडीत चौघं बसतात. हिच्यात अख्खं जग बसवायचं होतं. देव म्हणाला, म्हाताऱ्या, मोठा पूर येणार आहे, लाकडाची नाव बांध. आणि नुसतं बांध म्हणून मोकळा नाही झाला. मापं दिली! तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. गिऱ्हाईक असावं तर असं. पन्नास वर्षं सुतारकी केली मी, पण एकदा दिलेलं माप नंतर बदललं नाही असं एक गिऱ्हाईक भेटलं नाही.

नात : माझ्याकडे तीनशे ठोकळे नाहीत. एकशेबारा आहेत. त्यातला एक सोफ्याखाली गेलाय.

आजोबा : मग आपली नाव लहान. लाल खाली लाव. अंहं, असं नाही! सांध्यावर सांधा येऊ देऊ नको. वरचा ठोकळा खालच्या दोघांवर बसला पाहिजे. हां, आता कसं! पण याला काय सांधा म्हणायचं? दाबलं की बसलं, ओढलं की निघालं. ना खाच, ना खुंटी.

आई : (आतून, खोक्याला चिकटपट्टी लावत) अण्णा, गोष्ट चाललीय की सुतारकी? मी म्हटलं होतं, तिला देवाची एक गोष्ट सांगा, तोवर मी भांडी भरते.

आजोबा : देवाचंच काम चाललंय. ऑर्डर त्याची आहे.

आई : आणि तुमची हत्यारांची पेटी? उद्या सकाळी आठला ट्रक येईल. ती दारात आडवी पडलीय, तीनदा ठेचकाळले मी.

आजोबा : पेटीला हात लावायचा नाही. मी राहणार तिथे माझी पेटी राहणार. आणि मी इथे राहणार.

आई : हो. महिनाभर ऐकतेय.

आजोबा : तुम्ही तिघं जा नव्या घरी, सुखाने नांदा. तिथे माझं काय काम?

नात : आजोबा, प्राणी!

आजोबा : हां, प्राणी. प्रत्येकाची एकेक जोडी घ्यायची.

नात : हे दोन हत्ती. एकाला सोंड नाही. जिराफ एकटाच आहे.

आजोबा : उंटाशी लाव त्याची जोडी. मानेला मान जुळते ना? बाकीचं जमवून घेतात.

नात : आता माणसं. ही निळी आई. हे बाबा, ते पुढे गेलेत म्हणून टोकाला. ही मी. मग म्हातारा स्वतः गेला का नावेत?

आजोबा : गेला तर! नाव त्याचीच.

नात : किती वर्षांचा होता?

आजोबा : सहाशे.

नात : आणि तुम्ही?

आजोबा : त्र्याहत्तर.

नात : म्हणजे त्याच्यापुढे तुम्ही कुक्कुलं बाळ! मग तुम्ही ही पेन्सिल.

आजोबा : अगं, माझी पेन्सिल! दुपारपासून कानामागे चाचपतोय.

नात : ती तुमच्यासारखी आहे. चपटी. आणि थोडी चावलेली.

आजोबा : उपकार झाले. पण पेन्सिलीला जोडी कुठाय? तुझी आजी देवाघरी. जोडी नाही तर आत घेत नाहीत. नियम देवाचा, त्याला मी काय करणार?

नात : आजी देवाच्याच घरी आहे ना?

आजोबा : हो.

नात : मग ती सांगेल त्याला. वशिला आहे आपला.

आजोबा : तुझी आजी वशिला लावणाऱ्यातली नव्हती, बाळा. रेशनच्या रांगेतसुद्धा दुसऱ्याला पुढे सोडायची.

नात : तुमच्यासाठी लावेल.

आजोबा : ...बरं, पुढचं ऐक. सगळे आत बसले. मग दार लावलं. कुणी माहितेय? देवाने स्वतः. सगळी नाव म्हाताऱ्याकडून करून घेतली, पण दार आपल्या हाताने लावलं. दाराचं काम नाजूक असतं. कुणावरही सोपवू नये, हे त्यालाही ठाऊक. लाव आता.

नात : नाही लावणार.

आजोबा : अगं, पाणी शिरेल!

नात : शिरू दे. पेन्सिल बाहेर आहे.

आजोबा : पेन्सिल लाकडाची आहे. ती आपली तरंगेल.

नात : एकटीच? किती दिवस?

आजोबा : पाऊसच चाळीस दिवस. पाणी ओसरायला वर्षभर.

नात : आणि चहा कोण करणार? तुमचं तर दूध रोज उतू जातं. तुम्ही गॅस बंद करायचा विसरता.

आजोबा : हे कुणी सांगितलं तुला?

नात : आईने बाबांना. फोनवर. रडत रडत.

आई : काय गं, काय सांगतेस त्यांना?

आजोबा : तू रडलीस?

आई : कांदा चिरत होते.

आजोबा : फोनवर?

आई : ...मग काय करू, अण्णा? तुम्ही विचारता, तिथे माझं काय काम. मी रात्रंदिवस उत्तर शोधतेय. माझे वडील हवेत मला घरात, हे काय काम झालं का? आणि कामच हवं असेल, तर एक दार आहे तसं.

आजोबा : कसलं दार?

आई : नव्या घरातलं, हिच्या खोलीचं. लागत नाही. घासतं.

आजोबा : खालून घासतं की बिजागरी उतरलीय?

आई : मला काय कळतंय त्यातलं?

आजोबा : किती घासतं? एक सूत? दोन सूत?

आई : येऊन बघा.

आजोबा : तिकडे सुतार नाहीत?

आई : एक आला होता. माप न घेताच म्हणाला, हे काढून टाका, प्लास्टिकचं बसवू.

आजोबा : प्लास्टिकचं! चांगलं लाकडाचं दार काढून?

नात : आजोबा, मी पेन्सिल आत घेतली. जिराफाशेजारी. तिथे उंच जागा आहे. आता लावू दार?

आजोबा : थांब. पेटी राहिलीय माझी.