निम्म्या मापाची पुली

उदगीरहून नांदेडला निघालेल्या बसमध्ये पार्वतीबाईंचा डोळा लागत होता. पण पुढच्या सीटवरची कॉलेजची पोरगी तूबा लॅपटॉप उघडून शेजारच्या मिस्त्रीशी बोलायला लागली, आणि बाईंची झोप पार उडाली.

“भीमाकाका, डाळमिलमधल्या तुमच्या दाणे निवडायच्या मशीनचं कार्ड जळालं. तसलं आता मिळत न्हाई.”

“म्हणून तर मालकानं मला नांदेडच्या भंगारवाल्याकडं धाडलंय, मशीनचा सौदा करायला, तूबा.”

“ऐका तर! कार्डावरची चिप शाबूत हाय, तिच्यातला प्रोग्राम मी वाचून काढला. पण त्याला जुन्या प्रोसेसरचीच भाषा येती, माझ्या लॅपटॉपची न्हाई. म्हणून मधी दुभाष्या प्रोग्राम बसवला. हे बघा, चालू हाय.”

“आगं, ह्या तर माझ्याच सेटिंगा! नऊ वर्षं डोळे फोडून बसवलेल्या!”

“पण दुभाष्यापायी लई हळू चालून राहिलाय. खराब दाणा दिसतो, पण त्याला उडवायचा हवेचा फटका बसेपर्यंत पट्ट्यावरून पुढं निघून जातो. तीन आठवडे झाले, वेग वाढंना.”

“किती हळू?”

“निम्म्यानं.”

“मग पट्टा निम्म्यानं हळू करू की.”

“पट्टा?”

“मोटरची पुली काढायची, निम्म्या मापाची बसवायची. अर्ध्या तासाचं काम.”

“…काका, हे मला सुचलंच न्हाई. पण मालक म्हणतील, डाळ निम्मीच निघती.”

“निम्मी निघंल, पण निघंल! आता नांदेडला जाऊन काय करू? हे जळकोट आलं बघ, इथनंच माघारी मिलला जातो.”

“चला, मी बी येते.”

“ओ कंडक्टर, उतरायचंय!”

“तिकीट नांदेडचं हाय की, मामा!”

भीमाकाका उठायच्या आधीच पार्वतीबाईंनी हात वर करून घंटीची दोरी ओढली.