राणीच्या गालावरचा 'सु'

एका रुपयापायी जीव टांगणीला लागतो म्हणजे काय, ते मला विचारा. आईनं दिलेला राणीछाप चांदीचा रुपया घेऊन नवऱ्यासोबत सांगोल्याहून सोलापूरला गेले. किती किमतीचा आहे ते बघायचं होतं. पण सराफ आत नेऊन नाणं बदलतात, असं ऐकलं होतं. म्हणून सराफाला आधीच बजावलं, "हितंच बघायचं. आत न्यायचा न्हाय."

त्यानं भिंग लावलं. मी त्याच्या बोटांवरची नजर हलवली नाही.

"मावशी, खरा आहे. या सालचा रुपया सहसा मिळत नाही. जुनी नाणी जमवणारे हौशी लोक भरपूर देतील." मग तो थांबला. "पण राणीच्या गालावर हे काय कोरलंय? 'सु'?"

सु म्हणजे सुमन, म्हणजे मी. बदललाच तर ओळखता यावा म्हणून आदल्या दिवशी मीच दाभणानं कोरलं होतं.

"किंमत गेली की हो याची! आता नुसत्या चांदीच्या भावात जाईल. कुणी केला हा उद्योग?"

आईचा रुपया मीच नासवला, हे तोंडातून निघेना. "ह्यांनी," म्हणून मी नवऱ्याकडं बोट केलं.

नवऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि सराफाला म्हणाला, "व्हय. बायकोवर लई जीव हाय माझा."