मोहरमातलं पाणी

(नाणेघाटाचा कडा. चैत्रातली दुपार. जुन्नरचा कागद करणारा अजीज, त्याची आई जोहराबी आणि कडा दाखवणारा नवसू धनगर.)

जोहराबी : हाच?

अजीज : हाच, अम्मा. म्हणजे हाच असणार. नवसूभाऊ, हाच ना?

नवसू : हाच की. नाणेघाटाला दुसरा कडा कुठनं आनू? हिकडं देश, खाली कोकन. बसा बीबी, घोंगडी टाकलीया. घोंगडीचं येगळं घेत न्हाई मी.

जोहराबी : उपकार झाले. पहाटे गाडीत बसवलं, घाटघरपासनं चौघांनी डोलीत हाडं खिळखिळी केली, आन इथं येऊन बघते तर कातळ. शिवनेरीचा कातळ दारातनं दिसतो मला. फुकट.

अजीज : जरा दम धर ना. वारा सुटू दे.

जोहराबी : वारा सुटून काय व्हणार? पानी कुठंय?

अजीज : येईल.

जोहराबी : कुठनं येईल? कावडीनं?

नवसू : पावणं, तुमचं चालू द्या निवांत. तेवढी कड्याची पट्टी द्या, म्हंजी मी मेंढरांकडं जातो.

अजीज : पट्टी कसली? डोलीचे दिले की सकाळी.

नवसू : डोली त्या चौघांची. कडा मी दावतो. रुपाया.

जोहराबी : रुपाया! अरे, चार दिवस लगद्याच्या हौदात हात बुडवून ठेवले तर रुपाया दिसतो आमाला.

नवसू : पुन्याचा एक सायब आल्ता, त्यानं आपनहून ठिवला हातावर. तवापासनं रुपायाच हाय. मानूस बगून दर बदलला तर ती लबाडी व्हईल.

जोहराबी : त्या सायबाला पानी दिसलं व्हतं?

नवसू : त्याला... दिसलं व्हतं.

अजीज : मग आम्हाला दाखव, रुपया काय, सव्वा देतो. अम्मा, ताबूत नदीत थंडे होऊन आज तिसरा दिवस. अब्बा याच दिवशी आले होते. पाणी कड्यावरून पडतं ते खाली जातच नाही, उलटं वर चढतं. मोहरमात चढतं. बरकतीचे दिवस हे.

जोहराबी : ठाऊक हाय मला. सगळ्या मोहल्ल्यापुढं सांगितलं व्हतं त्यांनी. आन मी काय म्हणाले, तेबी सगळ्यांनी ऐकलंय.

नवसू : काय म्हनालात?

जोहराबी : म्हटलं, घरचा रांजण भरायला बायको नदीचा घाट चढते-उतरते, आन यांचं पानी आपल्या पायानं डोंगर चढतं! लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासनं गावात त्यांचं नावच पडलं, उलटं पानी. कागदाचं ओझं घेऊन पेठेत निघाले की पोरं मागनं ओरडायची. जनाज्याच्या दिवशीसुद्धा कुणीतरी म्हणालं, उलटं पानी गेला.

अजीज : म्हणूनच आणलं तुला. ते खोटं नव्हते बोलले.

जोहराबी : मग हे काय हाय समोर? धूळ. बारा वर्सं मला वाटायचं, न जाणो, खरंबी असेल. आज ती फट बुजली. खोटंच बोलले. चला, ऊन लागतंय. दे याला रुपाया.

नवसू : ऱ्हाऊ द्या.

अजीज : का? आता का?

नवसू : नको मला. बीबी, तुमचा मालक खोटं न्हाई बोलला. पानी चढतं. लई जोरात चढतं. पर पावसात, आखाड-सरावनात. कोकनातनं वारा असा येतो, का धार पडायच्या आत उचलून आपल्या तोंडावर मारतो. आता चैत हाय. आता माझी मेंढरंबी ओढ्यात उकरून पित्यात.

अजीज : तुला ठाऊक होतं? सकाळी घाटघरात भेटलास तेव्हाच?

नवसू : व्हतं.

अजीज : आणि बोलला नाहीस!

नवसू : तुमी कुठं इचारलं? कडा दावतो का म्हनालात, दावतो म्हनलं. ...न्हाई, खरं सांगतो. इचारलं असतं तरी बोललो नसतो. उन्हाळ्यात हिकडं काळं कुत्रं येत न्हाई. डोलीवाले म्हनाले, गप ऱ्हा. मी गप ऱ्हायलो. शरम वाटाया पायजे मला, आन वाटतीया.

जोहराबी : पण ते मोहरम म्हणाले व्हते.

नवसू : मोहरमच आसंल. तुमचं सन सरकत्यात की दर साली धा-बारा दिस. कवा ताबूत चिखलात निगत्यात, कवा धुळीत.

जोहराबी : थांब. थांब जरा. त्या साली... त्या साली आपल्याच हौदातला कागद लावला व्हता ताबुताला. निळा आन गुलाबी. पेठेत येईस्तोवर भिजून त्याचा पुन्यांदा लगदा झाला. मी रडले व्हते त्या कागदासाठी. भर पाऊस व्हता, अजीज.

अजीज : म्हणजे बरकत वगैरे...

जोहराबी : बरकत तू जोडलीस मागनं. ताबुताच्या दिवसांत हौद बंद, त्यात पावसानं भिंतीवर कागद वाळंना, म्हणून सवड काढून गेले इतकंच. अरे, रमजानचा चांद कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, हे शेंबड्या पोराला कळतं.

अजीज : मलाही कळतं. मला वाटलं, करामत असेल तर तिला पावसाळा कशाला लागतो? नऊ वर्षांचा असताना मनात बसलं ते बसलं.

नवसू : बीबी, तुमचा मालक कागदी म्हंता? उंच, जरा वाकून चालायचा? हाताची बोटं पांढरी फटक?

जोहराबी : हौदानं झाली व्हती. तू बघितलं व्हतं त्यांना?

नवसू : ह्याच जागी! तवा पट्टी-बिट्टी न्हवती, मेंढरं घिऊन बसल्यालो. त्यानं कमरंचा एक ताव काढला, असा कोरा, आन सोडला की कड्याखाली! मी म्हनलं, येडा हाय, चांगला कागुद फुकट घालवला. तर तो गेला खाली, आन वल्ला हून फडफडत आला की वर. पोरानं झेलला. जाताना मलाबी एक ताव दिला त्यानं. मला कुठं लिवाया येतंय? खोपटाच्या कुडाला चिकटवला. तीन पावसाळं टिकला.

जोहराबी : पोरानं?

नवसू : बारकं पोरगं व्हतं की संगं. आब्बा, आजून टाका, आजून टाका, म्हून नाचत व्हतं.

जोहराबी : अजीज.

अजीज : निघू या, अम्मा. ऊन वाढतंय.

जोहराबी : अजीज, मी तुला विचारलं व्हतं. भर अंगणात. म्हटलं, पोराला विचारा, पोर खोटं बोलत न्हाई.

अजीज : हो.

जोहराबी : तू म्हणालास, वाटंत झोप लागली, मी काय बघितलं न्हाई.

अजीज : सगळे हसत होते, अम्मा. शफीचाचा तर जमिनीवर बसून हसत होता. मी बघितलं म्हणालो असतो तर मलाही हसले असते. म्हणून म्हटलं, झोप लागली होती.

जोहराबी : आन ते काय म्हणाले?

अजीज : माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, लेकरू दमलं होतं, झोपलं असेल. माझीच बाजू घेतली त्यांनी. त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. बारा वर्षं मी तो ताव हातात धरतोय, अम्मा. ओला, गार. आणि तोंडातून शब्द निघत नाही.

जोहराबी : म्हणून मला डोलीत घालून आणलंस.

अजीज : तू आपल्या डोळ्यांनी बघशील, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही. असं वाटलं. लाज वाटते मला सांगायला.

जोहराबी : आजपण तू न्हाईच बोललास. हा भाऊ बोलला.

अजीज : हो.

नवसू : बीबी, सरावनात या. डोलीचं मी बगतो. एक पैका नको. पानी दावतो, पोटभर.

जोहराबी : आन बघून कुणाला सांगू, भाऊ?

अजीज : मी सांगतो, अम्मा. जुम्म्याला मशिदीबाहेर सगळे असतात. शफीचाचाही असतो. उभा राहून सांगतो.

जोहराबी : सांग. सांगायलाच पायजे. मीबी सांगीन, नदीवर, बायकांत. पण तुझे अब्बा कुठं ऐकणार हायेत? तू दमलेलास, लहान व्हतास. मी न्हवते लहान. लई गोष्टी सांगायचे रे ते आधी. कागदावर घोटाईचे दगड फिरवता फिरवता, जेवता जेवता, मला हसू येईस्तोवर. त्या दिवसानंतर पाच वर्सं जगले, पलेगाच्या साथीपर्यंत. त्या पाच वर्सांत घरात एकबी गोष्ट सांगितली न्हाई त्यांनी. मी शेजारणींना म्हणायचे, आमचे हे आता सुधारले.