तिसऱ्या रांगेचे खांब

— नाही हो, हसत नाहीये मी. तुमच्या ओस्लोच्या कचेरीला आता सुचलं होय, की नव्या प्रकल्पप्रमुखांना जुन्यांनी हाताला धरून शिकवावं? मला कसं शिकवलं, ठाऊक आहे? म्हाताऱ्या आस्ब्योर्ननं तीन वर्षं प्रत्येक बैठकीत शेजारी बसवलं, आणि परतताना गाडीत एकच प्रश्न — 'आज कोण गप्प होतं, गुन्वोर? का होतं?' बस्स. तेच मी हॉल्वार्डला शिकवलं, सहा वर्षं. आणि साहेब झाल्यावर तो काय म्हणाला? 'एवढा वेळ कुणाला आहे? संगणकावर धडे टाकलेत की!' — भर बैठकीत, माझ्या तोंडावर.

मग फेरीबोटीच्या धक्क्याचं काम इंगविलकडे गेलं. एकोणतीस वर्षांची पोर, पहिलंच मोठं काम, आणि एकटी. हुशार होती हो — उगाच वाईट नाही म्हणणार. एका दुपारी आली, माझ्या टेबलावर नकाशे पसरले. 'गुन्वोर, दहा मिनिटं देशील?' अहो, दहा कसली, दोन पुरली असती! उलट्या बाजूनंसुद्धा दिसत होतं — तिसऱ्या रांगेचे खांब खडकापर्यंत पोचतच नव्हते, चिखलात थांबले होते. म्हणजे... हो, दिसलं मला. आणि मी म्हटलं, 'हॉल्वार्डला विचार. धडे आहेत ना त्याचे.' पोरीनं नकाशे गुंडाळले. 'सॉरी' म्हणाली. मला!

नोव्हेंबरात काँक्रीट चढलं आणि धक्का कलला. वेल्डर तेर्ये खाली सापडला — दोन्ही पाय गेले. चौकशी बसली. इंगविलनं सांगितलं, मी गुन्वोरला नकाशे दाखवले होते. मला विचारलं, तर मी म्हटलं, 'आठवत नाही.' — असं काय बघताय? 'आठवत नाही' म्हणजे काही खोटं नाही, असं वाटलं होतं तेव्हा. झालं, सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी. आता गावी वडिलांच्या मासळीच्या दुकानात उभी असते. गेले होते मी एकदा. काय बोलायचं ते वाटेत घोकत गेले होते. तिनं कोळंबी बांधून दिली, 'आणखी काही?' विचारलं — मी 'नाही' म्हटलं — ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तेव्हा शिकवणाऱ्यांच्या तुमच्या यादीत माझं नाव... थांबा. हे सगळं लिहून घेतलंत? खोडा. खोडा म्हणते ना! ...नको. राहू द्या. तस्संच न्या. फक्त आता उठा इथून.